ज्यांचे सुतक आम्हाला लागत नाही

तापीकाठच्या एका खेड्यातून आलेली ती आजी आमच्या वॉर्डात आठ नंबरच्या खाटेवर होती. अन्ननलिकेचा कर्करोग इतका वाढला होता की पाण्याचा घोटसुद्धा खाली उतरत नसे, उलट श्वासनलिकेत जाऊन ठसका लागे, आणि म्हणून केस पेपरवर लाल शाईने लिहिलेले होते की रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये. रात्री अडीचच्या सुमारास मी सलाईन बदलायला गेले तेव्हा तिने माझे मनगट धरले आणि म्हणाली, "माले तापीनं पानी दे व माय." मे महिना होता. जळगाव-भुसावळकडचा मे ज्याने काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको, रात्रीसुद्धा भिंतींमधून उष्णता बाहेर येत असते आणि निरोगी माणसाच्या घशालाही कोरड पडते. पाणी देता येत नव्हते. तापीचे पाणी तर आमच्याजवळ नव्हतेच.

आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेले एक वचन आहे, की गंगेत स्नान करावे, नर्मदेचे दर्शन घ्यावे आणि तापीचे नुसते स्मरण करावे, पुण्य सारखेच पदरात पडते. ते त्या क्षणी कसे आठवले हे मला सांगता येणार नाही. मी स्वच्छ गॉजची घडी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवली, नीट पिळली, बोटाला गुंडाळली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजी, तापीमायचं नाव घ्या." तिने ओठ हलवले. मी आधी ओठांच्या कडा ओल्या केल्या, मग गालांच्या आतून, मग पांढरा थर साचलेल्या जिभेवरून हळूहळू गॉज फिरवला, आणि तिने तान्ह्या बाळासारखी ती ओल चोखून घेतली. चार-पाच वेळा गॉज बदलला असेल. मग तिने मनगट सोडले. सकाळी सहाच्या आत ती गेली. हँडओव्हरच्या वहीत त्या रात्रीची माझ्या हातची नोंद एवढीच आहे: "2:30 वाजता माउथ केअर दिली."

त्या नोंदीत काहीही खोटे नाही, तरीही त्या अर्ध्या तासात जे घडले ते तिच्यात नाही. शुश्रूषेतले अध्यात्म म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी याच जागेकडे बोट दाखवीन. नर्सिंगच्या पुस्तकांत त्याला नाव आहे. 'स्पिरिच्युअल डिस्ट्रेस' हे ताप किंवा बेडसोअर यांच्यासारखेच नर्सने ओळखायचे, नोंदवायचे आणि त्यावर काही करायचे असे निदान मानलेले आहे. आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केले होते. पण वॉर्डात उभे राहिल्यावर कळते की खाटेवरचा माणूस 'माझा जीवनाचा अर्थ हरवला आहे' असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, माझे अंग पुसून द्या, मला घरी न्या, माझ्या हातातला दोरा कापू नका, माझ्या मुलाला फोन लावा. त्याचे जे काही अध्यात्म असते ते अशा मागण्यांच्या पोटात असते, आणि नर्सच्या वाट्याला येते ते तिच्या हातांमार्फत.

दोऱ्याचीच गोष्ट घ्या. सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या रुग्णांच्या मनगटाला किंवा दंडाला भगताने बांधलेला दोरा असतो, गावाकडच्या कितीतरी माणसांच्या गळ्यात ताईत असतो, बायकांच्या पायांत जोडवी असतात. शस्त्रक्रियेआधी हे सगळे काढावे लागते, त्याला कारणे आहेत आणि ती बरोबर आहेत. परंतु आमच्या उमेदीच्या काळात आम्ही कात्री घालून तो दोरा कचऱ्याच्या बादलीत टाकत असू, आणि रुग्णाच्या आईच्या चेहऱ्यावर काय उमटले हे पाहायला आम्हाला वेळ नसे. एका वयस्कर इनचार्ज सिस्टरने मला ते करताना पाहिले. ती रागावली नाही. बादलीतून दोरा उचलून तिने तो गॉजच्या तुकड्यात ठेवला, पुडी केली, चिकटपट्टीने केस पेपरच्या मागच्या बाजूस लावली आणि त्या आईला दाखवून म्हणाली, "हे बघा, त्याच्यासोबतच आहे." त्यानंतर आजवर मी एकही दोरा फेकलेला नाही.

यावल-रावेरकडचे तडवी बाबा असेच आठवतात. त्यांच्या मुलाने फार संकोचत विचारले होते की खाट थोडी वळवता येईल का, म्हणजे वडिलांचे तोंड पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला होईल. ऑक्सिजनची नळी भिंतीतल्या पॉइंटला जोडलेली होती आणि ती तेवढी पुरत नव्हती, म्हणून वॉर्डबॉय मामांनी आणि मी मिळून खाट न वळवता बाबांनाच उजव्या कुशीवर घेतले, पाठीशी दोन उशा लावल्या, आणि खिडकी नेमकी पश्चिमेला निघाली. दर दोन तासांनी कूस बदलायचीच असते. त्या दिवशी ती कोणत्या दिशेला बदलायची एवढाच प्रश्न होता. मुलगा त्यांच्या कानाशी कलमा म्हणत बसला. आम्हाला त्यासाठी पाच मिनिटेही लागली नव्हती.

खिडकीवरून लंडनमधली एक हकिकत सांगावीशी वाटते. सिसिली सॉण्डर्स या बाई आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. पोलंडहून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा एक ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणाच्या दारात होता, त्याचे त्या शहरात जवळचे असे कोणी नव्हते, आणि या दोघांच्या बोलण्यातून मरणाऱ्या माणसांसाठी वेगळे घर असावे ही कल्पना आकाराला आली. 1948 साली तो गेला तेव्हा त्या घरातली एक खिडकी व्हावी म्हणून त्याने त्यांच्यासाठी 500 पौंड मागे ठेवले होते. खिडकीभोवतीचे घर उभे राहायला 19 वर्षे लागली. 1967 साली सुरू झालेले ते सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, आणि 2005 साली सॉण्डर्सबाईंनी स्वतःही तिथेच प्राण सोडला. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, मुंबईचे शांती आवेदना सदन, 1986 साली सुरू झाले. मरणाऱ्याचे दुखणे नुसते शरीराचे नसते, त्यात मनाचे, घरादाराच्या काळजीचे आणि आत्म्याचे दुखणे कालवलेले असते, हे सॉण्डर्सबाईंनी डॉक्टरी भाषेत मांडले. एखादा शेतकरी पोटातल्या कळेने विव्हळताना मधेच "विहिरीचं कर्ज राहिलं" असे म्हणतो, तेव्हा मला त्यांचे ते म्हणणे आठवते.

मात्र इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण अध्यात्माच्या नावाखाली तिच्यावर पांघरूण घातले गेलेले मी पाहिले आहे. ज्याचे दुखणे थांबवता येते आणि आपण थांबवत नाही, त्याला देवाचे नाव घ्यायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिनला पर्याय फार थोडे आहेत, आणि 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळवणे कितीतरी वर्षे इतके किचकट होते की बहुतेक ठिकाणी ते ठेवतच नसत. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तरीही तालुक्याच्या गावात आजही ते सहज हाताशी येत नाही, आणि नातेवाईक जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा मारत राहतात. वेदनेने माणूस गुरासारखा ओरडत असताना त्याच्या उशाशी पोथी वाचणारे पाहिले की मला फार त्रास होत असे. वाचणाऱ्यांचा दोष नव्हता, त्यांच्या हाती तेवढेच होते. दुखणे उतरल्यावर तोच माणूस स्वतःहून विठ्ठलाचे नाव घेतो, बायकोचा हात हातात घेतो, भावाशी बारा वर्षांचा अबोला सोडतो. वेदना त्याला यातले काहीच करू देत नाही.

आणखी एका गोष्टीत मी स्वतः चुकलेली आहे. आमच्याकडे माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत, अखेरच्या घटकेला भुईवर घेतात, जमीन सारवून त्यावर घोंगडी अंथरतात, तोंडात तुळशीचे पान ठेवतात. ऊर्ध्व लागला किंवा घरघर सुरू झाली की नातेवाईक म्हणतात, आता घरी नेऊ द्या, जीव असताना उंबरा ओलांडू द्या. मग डामाच्या कागदावर सही घ्यायची, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत असे त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका मुलाला सगळ्या वॉर्डासमोर बोलले होते की रस्त्यात काही झाले तर त्याला जबाबदार तुम्ही. त्या माणसाचे जे व्हायचे होते ते ठरलेले होते, डॉक्टरांनी तसे सांगितलेही होते. त्याच्या मुलाला फक्त बापाला त्याच्या ओट्यावर पोचवायचे होते. मी त्याला बापाच्या मरणाचा धनी ठरवले. त्याने मान खाली घालून सही केली, तो चेहरा माझ्यासमोरून जात नाही. आता मी सही घेते, पण त्याआधी रस्त्यात श्वास कसा बदलेल हे समजावते, मध्येच थांबेल आणि तुम्हाला वाटेल संपले, मग पुन्हा सुरू होईल, तेव्हा घाबरू नका, असे सांगते. कूस कशी द्यायची, ओठ कसे ओले ठेवायचे हे दाखवते, आणि ओल्या गॉजच्या घड्या डबीत घालून सोबत देते.

बोलत राहा, असेही सांगते. ऐकणे शेवटपर्यंत टिकते असे आमच्या शिक्षिका म्हणत आणि आम्ही ते श्रद्धेने मानत असू. 2020 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या, तेव्हा कशालाही प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूसुद्धा मृत्यूच्या काही तास आधीपर्यंत आवाजातला बदल टिपत असल्याचे त्यांना दिसले. त्यांना शब्दांचा अर्थ कळत होता की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. मला तेवढे पुरते.

त्याच वर्षी सगळे बदलले. 15 मार्च 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडने गेलेल्यांच्या देहाबद्दल सूचना काढल्या होत्या. पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून नातेवाइकांना शेवटचे दर्शन घेऊ द्यावे, पोथी वाचणे, पवित्र पाणी शिंपडणे अशा स्पर्श न होणाऱ्या विधींना हरकत नसावी, पण देहाला आंघोळ घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे होऊ नये, असे त्यांत होते. कागदावर चेहरा पाहण्याची मुभा होती. प्रत्यक्षात खाटा, माणसे आणि लाकडे या सगळ्यांचीच टंचाई झाली, तेव्हा ती मुभा किती घरांपर्यंत पोचली हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. आमच्यापर्यंत पोचली नाही.

एप्रिल 2021 मध्ये माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, दुसऱ्या गावच्या एका दवाखान्यात गेले. मी त्या वेळी माझ्या वॉर्डात किट घालून दुसऱ्यांच्या आबांजवळ उभी होते. ते कोथळीहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर कितीतरी वर्षे पंढरपूरला चालत गेलेले. तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, मागे देह उरला नाही, ही कथा मी त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांचा देह उरला होता, पण आम्हाला त्याला हात लावता आला नाही. रात्री तिथल्या एका सिस्टरचा फोन आला. आवाज तरुण होता आणि दमलेला होता. ती म्हणाली, "ताई, ते शांतपणे गेले. मी त्यांचा हात धरला होता."

ते वाक्य मी ओळखले, कारण ते माझे होते. त्या महिन्यांत मी ते किती घरांना ऐकवले होते याची मोजदाद नाही. कधी ते खरे होते. कधी मी त्या वेळी चौथ्या खाटेवर दुसऱ्याच्या छातीवर दाब देत होते आणि वळून पाहिले तेव्हा सातव्या खाटेवरचा मॉनिटर सपाट झालेला होता. तरी फोनवर मी म्हटले होते, शांतपणे गेले, मी जवळ होते. फोनच्या या बाजूला असताना ती मला दया वाटत असे. आता मी दुसऱ्या बाजूला होते, त्या वाक्याला धरून उभी होते, आणि ते खरे आहे की नाही हे मला कधीच कळणार नव्हते. मी तिला विचारले नाही. तिच्यावर माझा कसलाही रोष नाही, तिने तेच केले जे मी केले असते. पण तेव्हापासून मी न पाहिलेले सांगत नाही. "सकाळी त्यांनी दोन घोट चहा घेतला होता," "रात्री त्यांनी तुमच्या मुलीचे नाव घेतले," "शेवटच्या क्षणी मी दुसऱ्या रुग्णाजवळ होते, पण त्याआधी अर्धा तास मी त्यांची पाठ पुसली होती," असे जे घडले तेच सांगते. समोरचा माणूस रडतो, थोडा वेळ थांबतो आणि विचारतो, चहात साखर होती का? अशा प्रश्नांची उत्तरे माहीत असावीत म्हणून आता मी रुग्णांकडे अधिक लक्ष देऊन पाहते, हे मला मागाहून जाणवले.

आबांच्या वेळी लोक फोनवरच दारावर येऊन गेले. एरवी खान्देशात कोणी गेले की दिवसच्या दिवस माणसे दारावर येतात, ओट्यावर बसतात, बोलण्यापेक्षा बसणेच जास्त असते. मग उत्तरकार्य होते, गंधमुक्ती होते, सुतकात मोकळे राहिलेल्या कपाळाला पुन्हा गंध लागते आणि माणूस लोकांत परततो. दुःखाला दार आहे, ओटा आहे, मुदत आहे. या रिवाजांत बायकांच्या, विशेषतः विधवांच्या वाट्याला जे येते ते मला पटत नाही, पण शोकाला समाजाने जागा दिली पाहिजे हे शहाणपण त्यांत आहे. नर्सला ती जागा नाही. डोळ्यांच्या पापण्या मिटेपर्यंत बोटांनी धरून ठेवणे, हातपाय ताठण्याआधी सरळ करणे, जबड्याला पट्टी बांधणे, नळ्या काढणे, अंग पुसणे, नावाची चिठ्ठी बांधणे, याला आम्ही लास्ट ऑफिस म्हणतो. मृत्यूनंतरचा पहिला स्पर्श बहुतेक वेळा आमचाच असतो. त्यानंतर हात धुवायचे आणि शेजारच्या खाटेवरचे दहा वाजताचे इंजेक्शन द्यायचे. आम्हाला सुतक लागत नाही, म्हणून ते फिटतही नाही. ज्या शोकाला समाजाची मान्यता मिळत नाही, त्याबद्दल केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 साली लिहिले. नर्स हे वाचते तेव्हा तिला त्यात नवे काही सापडत नाही, फक्त आपल्याला वेड लागलेले नाही एवढे कळते.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती, तिने पाहिलेले ते पहिलेच मरण. ती पडद्याआड भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मला रडू येतंय, चालेल का?" आमच्या वेळी उत्तर ठरलेले होते, की नर्सने रडायचे नसते. मी म्हटले, "रड बेटा, मी थांबते." नातेवाईक बाहेर होते, डॉक्टर कागद लिहीत होते, आमच्याजवळ दहा मिनिटे होती आणि ती आम्ही वापरली. मग तोंड धुऊन ती आली. मी पाण्याचे भांडे धरले, तिने कापड पिळले, आणि हात उचलण्याआधी त्या गेलेल्या बाईला म्हणाली, "मावशी, हात वर करते हां." जिवंत रुग्णाला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आम्ही शिकवतो. मेलेल्याला सांगायचे असते हे मी तिला शिकवलेले नव्हते. ड्युटीच्या तक्त्यात या दहा मिनिटांसाठी रकाना असावा, अशी माझी मागणी आहे, आणि मी ती प्रत्येक मीटिंगमध्ये करते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरी पितरांची घागर भरतात. मातीच्या नव्या घागरीवर डांगर ठेवायचे, सांजोऱ्या, आमरस असा नैवेद्य करायचा, निखाऱ्यावर तूप सोडून आगारी टाकायची आणि एकेका गेलेल्याचे नाव घ्यायचे. आबांच्या नंतरच्या पहिल्या आखाजीला माझी माय चुलीपुढे बसली होती, तिने आबांचे नाव घेतले, आजोबांचे घेतले, मग हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिले. मी दवाखान्यातले घरी कधी सांगत नसे, पण ती आई आहे. "तुन्ह्या दवाखानामाधला," ती म्हणाली, "त्यासनं नाव सांग." मला नावे आठवेनात. आठ नंबरची आजी, पश्चिमेच्या खिडकीचे बाबा, चौथ्या खाटेवरचा, सातव्या खाटेवरचा, एवढेच येत होते. मी तसेच नंबर सांगत गेले. मायने एकदाही मला थांबवले नाही, प्रत्येक नंबरला निखाऱ्यावर थोडे थोडे टाकत राहिली, आणि मी थांबले तेव्हा शेवटचा घास टाकून म्हणाली, "आनि ज्यासनं कोनी नही, त्यासलेबी."

मला दोनची ड्युटी होती. निघताना तिने वॉर्डातल्या मावशींसाठी सांजोऱ्यांचा डबा भरून दिला, आणि घागरीतले थोडे पाणी एका बाटलीत ओतून तेही पिशवीत ठेवले.